पुस्तक मिटल्यावर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, रनाळे येथे केलेले भाषण. छापण्यासाठी थोडे आवरते घेतले आहे.)



आयोजकांनी मला ‘परीक्षेचा ताण आणि अभ्यासाच्या सवयी’ हा विषय दिला, तेव्हा वर्गातल्या एकाने फोन करून विचारलं, “बाई, पन्नाशी उलटली आपली. आता कसली परीक्षा?” त्याचं म्हणणं बरोबर आहे. आपण दहावीला बसलो तेव्हा आपला जिल्हा धुळे होता. नंदुरबार जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. तेव्हापर्यंत आपल्यापैकी बरेच जण नोकरीला, शेतीला, संसाराला लागलेले होते. पण या मंडपात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात, नाहीतर शेजारी, या वर्षी दहावी-बारावीचं कोणीतरी आहे. कुणाचा धाकटा, कुणाची पुतणी, कुणाची भाची. माझं बोलणं त्यांच्यासाठी आहे, फक्त ते तुमच्यामार्फत पोचवायचं आहे.

मी नाशिकला 29 वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. तपासणाऱ्याला मुलाचं नाव, गाव काही कळत नाही. पण मूल घाबरलेलं आहे का, हे कळतं. पहिल्या पानावर अक्षर मोत्यासारखं असतं आणि तिसऱ्या पानावर ते पसरायला लागतं. बरोबर लिहिलेलं उत्तर खोडलेलं असतं आणि खाली चुकीचं लिहिलेलं असतं. दोन गुणांच्या प्रश्नाला दीड पान, आणि पुढचे सोपे प्रश्न कोरे. सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते असं: व्याख्येचं पहिलं वाक्य पुस्तकातलं, शब्दाला शब्द, स्वल्पविरामासकट. दुसरं वाक्य अर्ध्यात तुटलेलं. त्यानंतर दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या, म्हणजे ‘आठवलं की लिहीन’. ते आठवत नाही. त्या मोकळ्या दोन ओळी बघून मला नेहमी त्या मुलाच्या हाताचा घाम दिसायचा.

हे मूल आळशी नसतं. आई-वडील शपथेवर सांगतात, पोरगं दिवसभर पुस्तक घेऊन बसतं. तेही खरं असतं. मग होतं काय?

माझं सांगणं एवढंच आहे की, मुलाने ‘वाचलेलं’ असतं, पण ते त्याला ‘येत’ आहे की नाही, हे त्याने कधी तपासलेलं नसतं. ते पहिल्यांदा तपासलं जातं बोर्डाच्या हॉलमध्ये, अकरा वाजता, अनोळखी पर्यवेक्षकासमोर. ताण तिथे येणारच. आपण त्याला ‘घाबरू नकोस’ म्हणतो. पण त्याच्या भीतीत तथ्य आहे. आपल्याला काय येतं हे त्याला खरोखरच माहीत नसतं.

यावर एक प्रयोग झालेला आहे, तो सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी तो 2006 साली प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला तो एकाच पाळीत वाचायला दिला आणि पुढच्या तीन पाळ्यांत उतारा न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तर चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. ‘आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?’ असं आधी विचारलं तेव्हा जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच. पुन्हा पुन्हा वाचलं की पान ओळखीचं होतं आणि ओळख झाली म्हणजे आलं, असं मनाला वाटतं. रस्त्यात भेटणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखीचा असतो, पण नाव विचारलं की आपण गप्प. तसंच आहे हे.

आता माझ्या गुरुजनांसमोर एक गोष्ट कबूल करायला मला आनंद वाटतो. तुम्ही आम्हाला शिकवलंत त्यात हे होतं. प्रार्थनेनंतर उभं करून पाढा म्हणायला लावणं, कालची कविता आज विचारणं, भूगोलाच्या तासाला कोऱ्या नकाशावर तापी आणि गोमाई दाखवायला लावणं, शनिवारी शुद्धलेखन. पुस्तक मिटून, रोज थोडं थोडं, आणि मागचं पुन्हा पुन्हा. याला त्या काळी कोणी शास्त्र म्हणत नव्हतं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की, निरर्थक अक्षरं पाठ केली तर दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातलं दोन तृतीयांशाच्या आसपास निसटून जातं. अर्थ असलेला धडा इतक्या लवकर निसटत नाही, पण निसटतो. त्यावर उपाय तोच, निसटायच्या बेतात असताना पुन्हा विचारायचं. तुम्ही विचारत होतात.

त्याच्या जोडीला छडी होती, तेही सांगायला हवं. पाढा चुकला की हातावर. इथे बसलेले काही जण हसताहेत, कारण आज ते गमतीचं वाटतं. पण आमच्यातल्या काहींची शाळा त्या छडीमुळे सुटली आणि ते आज या मंडपात नाहीत. विचारणं चांगलं होतं, चुकल्याची शिक्षा वाईट होती. नंतर झालं असं की, छडी गेली हे उत्तम झालं, पण तिच्याबरोबर विचारणंही गेलं. आता मुलाच्या हातात गाईड आहे, अपेक्षित प्रश्नसंच आहे, मोबाइलवर व्हिडिओ आहे. सगळं बघायचं, वाचायचं आहे. त्याला रोज कोणी विचारत नाही, आणि न विचारता स्वतःला विचारायची सवय कोणी लावत नाही.

ती सवय कशी लावायची? फार सोपी आहे आणि फुकट आहे. एक पान, फार तर दीड पान वाचायचं. पुस्तक मिटायचं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर, पाठकोऱ्या कागदावर, घरात पाटी असेल तर पाटीवर, आठवेल ते लिहायचं. मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं लाल पेनाने त्यात भरायचं. लाल रंग बघून मुलं पहिले आठ दिवस खट्टू होतात. त्यांना सांगायचं की, हा लाल रंग आज घरी दिसतोय ते बरं आहे. तेच पान दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, दर वेळी पुस्तक न उघडता. तिसऱ्या वेळेपर्यंत लाल जवळजवळ नाहीसा होतो, आणि मुलाच्या चेहऱ्यावर जो बदल दिसतो तो कुठल्याही भाषणाने येत नाही. माझ्यासकट.

खुणा करायच्या पेनांबद्दल एक वाक्य. पिवळ्या, हिरव्या, गुलाबी पेनांनी पुस्तक रंगवणं म्हणजे अभ्यास, असं मुलींना विशेष वाटतं. पुस्तक सुंदर दिसतं. 2013 साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून पाहिल्या, त्यात रेघा मारणं आणि पुन्हा वाचणं या दोन्हींना सगळ्यात खालचा दर्जा मिळाला. वरचा दर्जा मिळाला स्वतःची परीक्षा घेण्याला आणि अभ्यास दिवसांत वाटून करण्याला. आणि ते भिंतीवरचं वेळापत्रक! पहाटे चार ते सहा गणित, सहा ते साडेसहा योगासनं. माझ्या पाहण्यातलं एकही वेळापत्रक पाचव्या दिवसापर्यंत जगलेलं नाही. त्यापेक्षा ‘दिवे लागल्यावर पहिली चाळीस मिनिटं पुस्तक मिटून’ एवढी एकच गोष्ट पाळली तरी पुष्कळ आहे.

आता एक अडचण, जी नाशिकच्या मुलांपेक्षा आपल्या मुलांना जास्त आहे. आपल्या घरात बोलतात अहिराणी, कुठे गुजरी, पाड्यावर भिली. पुस्तक आहे प्रमाण मराठीत. मुलाला अर्थ कळतो, पण तो पुस्तकी मराठीत मांडता येत नाही, म्हणून ते वाक्य घोकतं. घोकलेल्या वाक्यातला एक शब्द सुटला की सगळी माळ ओघळते. त्या मोकळ्या सोडलेल्या दोन ओळी इथून येतात. एक मुलगा मला म्हणाला होता, “मॅडम, आख्खं पुस्तक वाची टाकं, पन पेपरमां काहीच याद उनं नही.” किती नेमकं सांगितलं त्याने! मी त्याला म्हटलं, मुक्तिवेग म्हणजे काय ते मला याच भाषेत सांग. तो म्हणाला, “दगड वर फेका ते खाले येस. इतला जोरमां फेका का परत येवावच नही, त्याले मुक्तिवेग म्हनतस.” याहून चांगली व्याख्या कोण देणार? मग तेच आम्ही दोघांनी मिळून मराठीत लिहिलं, पृथ्वीसाठी 11.2 किलोमीटर प्रतिसेकंद हा आकडा जोडला आणि झालं. आधी घरच्या बोलीत समजावून सांगायचं, आईला, आजीला, कोणी नसेल तर गोठ्यातल्या गायीला, आणि मग पुस्तकी मराठीत लिहायचं. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. ज्याला आपल्या शेतातली कापूस-मिरची आणि तिथली कॉफी शेजारी शेजारी ठेवून अहिराणीत गप्पा मारता येतात, त्याला तो पेपर अवघड जात नाही. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे, वर्गात अहिराणी बोलणाऱ्याला हसू देऊ नका.

दिवसाच्या वेळांविषयी बोलायचं तर, शहरातलं पुस्तक वाचून कोणी आपल्याला ‘शांत खोली निवडा’ असं सांगितलं तर आपल्याला हसू येईल. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे मिरचीचा तोडा, कापसाची शेवटची वेचणी, गव्हाला पाणी. शेतीची वीज रात्रपाळीला आली की पोरगा बापाबरोबर बारे द्यायला जातो आणि सकाळी शाळेत पेंगतो. वर लग्नसराईचे डीजे. 2025 मध्ये दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली, म्हणजे पूर्वीच्या मार्चपेक्षाही अलीकडे. या सगळ्याला तोंड देणारा मुलगा आणि शिकवणीवर्गाला स्कूटीवरून जाणारा मुलगा एकाच पेपरला बसतात. म्हणून मी बापांना हात जोडून सांगते, फेब्रुवारीतलं रात्रीचं पाणी मुलाला देऊ नका. झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, यावर आज शास्त्रात दुमत नाही. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी अकराच्या पेपरला बसणं म्हणजे पेरणी करून बियाणं उकरून बघण्यासारखं आहे.

आणि पेपर अकराला असतो, तर घरी सरावाचा पेपरही अकरालाच सोडवावा. रविवारी, पूर्ण तीन तास, घड्याळ समोर, मध्ये उठायचं नाही. शरीराला आणि मनाला त्या वेळेची सवय होते. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाचायला मिळायची. 2023 पासून ती सवलत गेली आणि शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. त्या दहा मिनिटांत नवीन उत्तर सुरू करू नये. प्रश्नांचे क्रमांक तपासावेत आणि खोडलेलं पुन्हा एकदा वाचावं. मी सांगितलं ना, खोडलेलं पुष्कळदा बरोबर असतं.

ज्याला खूपच धास्ती वाटते त्याच्यासाठी आणखी एक उपाय. शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रामिरेझ आणि शान बायलॉक यांनी 2011 मध्ये दाखवलं की, परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली, तर जास्त घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारतात. सगळ्यांनाच त्याचा उपयोग होईल असं नाही. पण कागद आणि दहा मिनिटं एवढाच खर्च आहे. लिहून झाल्यावर तो कागद फाडून घरीच टाकायचा, नाहीतर भरारी पथकाला वेगळंच वाटेल.

कॉपीचा विषय इथे टाळला तर तुम्हीच मला हसाल. केंद्राच्या भिंतीवर चढलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. 2010 च्या सुमारास नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. मी त्या नैतिकतेत शिरत नाही. मला फक्त एवढंच दिसलं की, चिठ्ठी खिशात असलेल्या मुलाला भीती कमी वाटत नाही, उलट दोन भीत्या असतात. एक पेपरची आणि एक पकडलं जाण्याची.

आता मुलींविषयी, आणि यासाठी मी आज इथे आले आहे. आपल्या वर्गात आपण किती मुली होतो आणि बारावीला किती उरलो, हे इथे पुढच्या रांगेत बसलेल्या माझ्या मैत्रिणींना मी सांगायला नको. तेव्हा नापास मुलाला ‘ऑक्टोबरची वारी’ होती. मुलीला ती वारी नव्हती. मार्चला पेपर, जूनला निकाल, आणि ऑक्टोबर उजाडायच्या आत सुपारी फुटलेली. मुलीचा ताण म्हणजे गुणांचा ताण नव्हता, तो उरलेल्या आयुष्याचा होता. आज फरक पडला आहे, पण पुरता नाही. अजूनही ‘या वर्षी सुटली नाही तर उरकून टाकू’ हे वाक्य मी ऐकते, आणि मुलीसुद्धा ते भिंतीआडून ऐकत असतात. ते ऐकलेल्या मुलीला कुठल्याही सवयीचा उपयोग होत नाही. म्हणून घरात आधी काही गोष्टी मोठ्याने बोलल्या गेल्या पाहिजेत. पास व्हायला शेकडा 35 लागतात. दहावीच्या टक्केवारीत सहापैकी उत्तम पाच विषय धरतात. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. 2015 पासून पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजी निकालानंतर लगेच, जुलैच्या सुमारास होते. म्हणजे नापास झालं तरी वर्ष वाचू शकतं. ही माहिती मुलांना असते असं आपण धरून चालतो, पण अनेकांना ती नसते, आणि त्यांच्या आई-वडिलांना तर नसतेच.

यात अतिशयोक्ती नाही. 2022 या एका वर्षात देशात तेरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं आणि त्यात सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. प्रत्येकाचं कारण परीक्षा नव्हतं. पण जेवण सोडलेलं, कोणाशी न बोलणारं, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं म्हणणारं मूल दिसलं, तर ‘नाटकं करतो’ म्हणू नका. त्याच्याशेजारी बसा, त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेली मानसचा सरकारी क्रमांक आहे, 24 तास, मोफत, मराठीतही बोलतात. तो शाळेच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा, अशी मी मुख्याध्यापकांना विनंती केली आहे.

शेवटी कामाचं. देणगी म्हणून आपण शाळेला काय द्यायचं, यावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तीन महिने चर्चा झाली. कमान, पाण्याची टाकी, ध्वनिक्षेपक. सगळं चांगलं आहे. माझी सूचना याहून स्वस्त आहे. डिसेंबरच्या मध्यापासून परीक्षेपर्यंत शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ उघड्या ठेवायच्या, एक मुलांची, एक मुलींची. वीज गेली तर चालेल असा इन्व्हर्टर आपण द्यायचा. रोज आपल्यापैकी दोघांनी तिथे बसायचं. शिकवायचं नाही, शिकवायला शिक्षक आहेत. फक्त मुलाने पुस्तक मिटलं की विचारायचं, “सांग बरं, काय वाचलंस?” आणि चुकलं तर हसायचं नाही. दहावी न झालेला माणूससुद्धा हे करू शकतो, किंबहुना तोच चांगलं करील, कारण त्याला खरोखर समजावून सांगावं लागतं. मुलींना घरापर्यंत सोडायची जबाबदारी गावातल्या आपल्या मैत्रिणींनी घेतली आहे. रविवारी अकराला सरावाचा पेपर.

मुख्याध्यापकांनी खोल्यांच्या किल्ल्या द्यायचं कबूल केलं आहे. नावांची वही दाराजवळच्या टेबलावर आहे. तिच्यात सोमवार, बुधवार आणि शनिवारपुढे नावं आली आहेत, बाकीचे वार मोकळे आहेत. मला नाशिकहून रोज येणं जमणार नाही, म्हणून रविवारचे विज्ञानाचे पेपर मी काढून पाठवीन आणि तपासूनही देईन. गणिताला मात्र कोणीतरी हवं आहे.